यकृतरक्षक औषधे : उंदरांवर सिद्ध, माणसांवर?

संपादक महोदय,

पावसाळ्यात काविळीचे रुग्ण वाढले, की आरोग्यविषयक सदरांत कुटकी, भुईआवळी, गुळवेल यांची नावे 'प्रयोगांनी सिद्ध' अशा शिक्क्यासह येऊ लागतात. औषधनिर्माणशास्त्राची शिक्षिका या नात्याने हे प्रयोग मी जवळून पाहिले आहेत, म्हणून लिहिते.

बहुतेक प्रयोग पांढऱ्या उंदरांवर होतात. त्यांना आधी काही दिवस वनस्पतीचा अर्क पाजतात, मग कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलचा मोठा डोस देऊन यकृत बिघडवतात. अर्क घेतलेल्या उंदरांच्या रक्तात एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) कमी वाढले, की यकृताचे रक्षण झाले असे धरतात. पुढे काय तपासावे हे त्यातून कळते, म्हणून हे काम मोलाचेच आहे. पण आपला रुग्ण डोळे पिवळे झाल्यावर दवाखान्यात येतो. विषाआधी पाजलेला अर्क त्याच्या कामी येईल का, याचे उत्तर या प्रयोगात नसते.

शिवाय दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणून पाल्याचा रस घेतला तरी गुण येतो आणि कावीळ उतरवून घेतली तरी येतो! (गरोदरपणात ई मात्र जिवावर बेतू शकते; तिथे घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.) औषधाने काय साधले हे कळायला तसेच दिसणारे निष्क्रिय औषध घेणारा दुसरा गट हवाच.

भुईआवळीची अशी चाचणी झाली होती. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की हिपॅटायटिस बी बाळगणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. निष्क्रिय औषध घेणाऱ्या २३ पैकी एकाचीच गेली. केवढी आशा वाटली होती! पण नंतर इतरत्र झालेल्या चाचण्यांत तो परिणाम दिसला नाही. पहिली बातमी आजही सांगितली जाते, दुसरी कोणी सांगत नाही.

गुळवेलीबाबत तर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. तिच्यासारख्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असे म्हटले. मग वनस्पतीची खात्रीशीर ओळख पटवणे ही चाचणीची पहिलीच पायरी ठरते.

असे दावे छापताना प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, किती जणांवर झाला आणि तुलनेचा गट होता का, एवढे आपण जरूर द्यावे. आयुर्वेद महाविद्यालयांकडे वैद्य आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांकडे यकृताचे रुग्ण आणि प्रयोगशाळा. दोघांनी मिळून कुटकीपासून सुरुवात करावी आणि निकाल काहीही लागो, तो प्रसिद्ध करावा.

— एक वाचक, कराड