प्रोबायोटिकचा कोर्स संपल्यावर काय उरते?

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर अलीकडेच आलेल्या मजकुरात, प्रोबायोटिकचा एक कोर्स पूर्ण केला की चांगले जिवाणू आतड्यात कायमचे वस्तीला येतात, अशा आशयाचे विधान होते. राजारामपुरीत तीसेक वर्षे औषधांचे दुकान चालवताना हाच समज मी गिऱ्हाइकांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकला आहे आणि खरे सांगायचे तर तो खोडून काढण्याची घाई तेव्हा मलाही नव्हती. आता दुकान मुलाकडे आहे, त्यामुळे चार शब्द मोकळेपणाने लिहितो.

बाजारात मिळणारे बहुतेक प्रोबायोटिक जिवाणू आतड्यात पाहुणे म्हणूनच येतात. ते घेणे थांबवले की काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, शौचाच्या तपासणीत ते दिसेनासे होतात. यात कोणी कोणाला फसवले असे नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेल्या व्याख्येत, पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव, एवढेच म्हटले आहे. ते मुक्काम ठोकतील असे त्यात कोठेही नाही. जाता जाता काम करून जाणारा पाहुणाही उपयोगाचा असू शकतो. प्रश्न एवढाच, की त्याचा मुक्काम लांबवता येतो का आणि तो लांबवावा का.

मुळात तेथवर जिवंत पोहोचणे हेच अवघड आहे. जठरातील तीव्र आम्ल आणि त्यापुढे पित्त यांतून पार पडताना पुष्कळ जिवाणू मरतात. म्हणून काही उत्पादक त्यांना समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या कवचात बंद करतात; काही संशोधक त्यावर कायटोसान नावाच्या पदार्थाचा थर चढवतात, कारण कायटोसानवर धन विद्युतभार असतो आणि आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्म्यावर (बुळबुळीत थरावर) ऋण, त्यामुळे असा कण तेथे अधिक काळ चिकटून राहू शकतो. इकडे आपण मात्र सॅशे फोडून वाफाळत्या दुधात टाकतो! माझ्या काउंटरवर हे रोज सांगावे लागे, आणि तरीही एक आजी पुढच्या खेपेला, ‘कोमट म्हणजे चहाएवढं ना?’ असे विचारतच. लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम यांसारखे जिवाणू त्या उष्णतेत टिकत नाहीत. बॅसिलस क्लॉसीसारखे बीजाणूरूपात, म्हणजे टणक आवरणातल्या सुप्त अवस्थेत, येणारे जिवाणू त्या मानाने चिवट असतात, परंतु पाकिटात नेमके कोणते आहेत हे पाहतो कोण?

जिवंत पोहोचले तरी जागा मिळेलच असे नाही. लक्ष्मीपुरीच्या बाजारात वर्षानुवर्षे ठरलेल्या जागी बसणाऱ्यांमध्ये नव्याने आलेल्याला पाटी टेकायलाही जागा मिळत नाही, तसाच प्रकार आतड्यात असतो. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एंडोस्कोपीने थेट आतड्यातून नमुने घेतले, तेव्हा ११ प्रकारचे तेच जिवाणू घेऊनही काही जणांच्या आतड्यात ते चिकटलेले आढळले आणि काहींच्या आतड्याने त्यांना जवळजवळ थाराच दिला नाही. दुसरीकडे, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बिफिडोबॅक्टेरियम लाँगम या जिवाणूचा एक विशिष्ट स्ट्रेन (म्हणजे त्याच प्रजातीतला एक उपप्रकार) सुमारे ३० टक्के लोकांमध्ये किमान सहा महिने टिकून राहिला. ज्यांच्या आतड्यात ही प्रजाती आधी कमी होती आणि विशिष्ट कर्बोदके पचवणारी जनुकेही कमी होती, त्यांच्यातच तो रुजला. म्हणजे जेथे जागाही रिकामी होती आणि त्याच्या वाटणीचे अन्नही.

हा अन्नाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच जाहिरातींत नसतो. घरात दही लावणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते, की विरजण कितीही चांगले असले तरी त्याला ताजे दूध मिळाले नाही तर ते आंबट होऊन वाया जाते. आतड्यातील जिवाणूंचे ‘दूध’ म्हणजे आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ : कांदा-लसणातील फ्रुक्टान, कडधान्यांतील विशिष्ट शर्करा, शिजवून गार केलेल्या भातातील न पचणारा स्टार्च. ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटारमसोबत फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड हे त्याचे खाद्यही दिले होते. फक्त सात दिवसांच्या त्या उपचाराने जंतुसंसर्ग अथवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. नवजात बाळाचे आतडे अजून कोणी व्यापलेले नसते, हेही येथे ध्यानात ठेवावे लागेल. तो निष्कर्ष पन्नाशीतल्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.

आपल्याकडे रेणुकेच्या आंबील यात्रेत आंबील, दहीभात, घुगऱ्या आणि कांद्याची पात एकाच नैवेद्यात येतात. आंबिलीला मी औषध म्हणणार नाही. घरच्या दह्या-ताकातील जिवाणू तपासलेले, मोजलेले नसतात, त्यामुळे शास्त्रीय अर्थाने ते प्रोबायोटिकही ठरत नाहीत, आणि ताक घालून आंबील उकळली तर ते उरतही नाहीत. परंतु जिवाणू आणि त्यांचे खाद्य एकाच पानात वाढण्याची ही रीत पाच-सातशे रुपयांच्या डब्यापेक्षा मला अधिक शहाणपणाची वाटते. ज्यांना वायूचा त्रास आहे त्यांनी मात्र कांदा-कडधान्ये बेताबेताने वाढवावीत.

मुक्काम लांबवावा का, याचे उत्तर सरसकट ‘हो’ असे नाही. वाइझमनच्याच दुसऱ्या अभ्यासात प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यात ते जिवाणू छान बसले, पण त्यामुळे मूळच्या जिवाणूंचे परतणे लांबले. काहीच न घेतलेल्यांचे आतडे त्यांच्या आधी पूर्वपदावर आले. हा अभ्यास मोजक्या निरोगी व्यक्तींवरचा होता आणि प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी काही स्ट्रेन उपयोगी पडतात हेही खरे आहे. तरीही प्रत्येक प्रतिजैविकाच्या स्ट्रिपसोबत न विचारता सॅशे बांधून देण्याची आमच्या व्यवसायातील सवय यापुढे तरी तपासली जावी. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे अशा रुग्णांना आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ही पाकिटे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊच नयेत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रोबायोटिक अन्नपदार्थाच्या वेष्टनावर जिवाणूची प्रजाती, स्ट्रेन आणि मुदत संपेपर्यंत जिवंत राहणारी किमान संख्या छापणे अपेक्षित आहे. आपल्या आरोग्य पानावर यापुढे एखाद्या प्रोबायोटिकविषयी लिहिताना निदान स्ट्रेनचे नाव, तो किती दिवस घ्यायचा आणि कशासाठी घ्यायचा, एवढे तीन तपशील अवश्य द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधविक्रेता
राजारामपुरी, कोल्हापूर