उन्हाने पाय लटपटले म्हणजे एमएसचा नवा झटका नव्हे

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

उन्हाळा आला की उष्माघाताच्या सूचना छापून येतात, पण मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (एमएस) रुग्णाला त्या पुरत नाहीत. या आजाराचा जागतिक दिवस ३० मे. आपल्याकडे नेमके तेव्हाच ऊन आग ओकत असते.

एमएसमध्ये प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे मायलिनचे आवरण कुरतडते. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश आधीच कसाबसा जातो. अंगाचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडखळतो. नजर अंधूक होते, पाय उचलत नाहीत. अंग गार झाले की हे ओसरते, नवी इजा होत नाही. खरा झटका २४ तासांहून जास्त टिकतो, तोही ताप किंवा संसर्ग नसताना. हा फरक न पाहता सलाइनमधून १ ग्रॅमचे स्टेरॉइड तीन ते पाच दिवस चढवले जाते. आधी लघवी तपासा. सारखी लागते म्हणून रुग्ण पाणी तोडतात आणि संसर्ग ओढवून घेतात.

कोरड्या हवेत कुलर उत्तम; जूनमध्ये हवा दमट झाली की तो कुचकामी. तेव्हा मानेवर ओला पंचा, मनगटे गार पाण्यात. अंघोळ कढत पाण्याने नको. पत्र्याच्या खोलीपेक्षा धाब्याची खोली केव्हाही बरी.

एमएस आटोक्यात ठेवणारे इंटरफेरॉनचे इंजेक्शन २ ते ८ अंशांतच राहायला हवे. मुंबई-पुण्याहून आणताना ते बर्फाला टेकू नये, मध्ये टॉवेलची घडी ठेवावी. गोठलेले टोचू नये.

सगळेच एमएस रुग्ण अंथरुणाला खिळतात, हा समज खोटा. पुढची वाटचाल बरीचशी औषध किती लवकर सुरू झाले आणि किती नेमाने चालले यावर ठरते. स्टेरॉइडने झटका लवकर आवरतो, पुढचे अपंगत्व टळत नाही. बरे वाटते म्हणून फिंगोलिमॉडसारखी गोळी परस्पर बंद केली, तर आजार दुप्पट जोराने उसळू शकतो. विडी-सिगारेट मात्र आजच सोडावी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे. सकाळी नीट चालणारा रुग्ण दुपारी भिंत धरतो, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला एमआरआय आणि जुनी डिस्चार्ज कार्डे न्यावीत. आणि एप्रिल-मेमध्ये खानदेशातल्या रुग्णालयांनी ही तपासणी सकाळी दहाच्या आत उरकावी, रांगेत बसायला बाक आणि पंखा ठेवावा, एवढी विनंती.

— एक फिजिओथेरपिस्ट, भुसावळ