यंदा साडेतेवीस

मु. पो. आपले गाव,
ता. दर्यापूर, जि. अमरावती.
रविवार, दि. २८ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र मंगळवारी पोचले. बावन्न पुस्तकांचा संकल्प तू नाताळाच्या आतच पुरा केलास हे वाचून आनंद झाला आणि थोडी असूयाही वाटली, ती लपवत नाही. माझा आकडा तू विचारला आहेस. गेल्या वर्षी दिवाळीत तुमच्या ओट्यावर बसून मी मोठ्या तोऱ्यात तीस सांगितले होते. पेरणीचा आणि सोंगणीचा असे दोन महिने वजा करायचे आणि उरलेल्या दहांत महिन्याला तीन, असा तो हिशेब होता. वर्ष संपायला तीन दिवस उरले असताना वहीत साडेतेवीस नोंदी आहेत. अर्ध्याची हकिकत पुढे येईलच.

ही वही म्हणजे कृषी केंद्रातून बियाण्याच्या पिशव्यांबरोबर फुकट मिळालेली डायरी. तिच्यात मी रकाने आखले: पुस्तक, लेखक, सुरुवात, शेवट, पाने, कोणाकडून आणले, आणि सर्वांत शेवटी ‘पुन्हा वाचेन काय’. तू मोबाइलमध्ये नोंदी ठेवतोस आणि तो तुला दर आठवड्याला तुझी गती सांगतो. माझी गती सांगणारे कोणी नसल्यामुळे महिनाअखेरीस मीच मान खाली घालून बेरीज करत असे. फेब्रुवारीअखेर सहा, मे अखेर तेरा, जुलैअखेर चौदा, सप्टेंबरअखेर अठरा, ऑक्टोबरअखेर बावीस. जून-जुलै या दोन महिन्यांत एकच आणि ऑक्टोबर या एका महिन्यात चार, ही विषम चाल तुझ्या लक्षात आली असेल. ऑक्टोबरच्या चारांविषयी मला कबुलीच द्यायची आहे.

पण आधी जानेवारी. आपल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी ओलिताच्या कामाचे नाही, त्यामुळे हरभरा जमिनीतल्या ओलाव्यावर येतो आणि जे येते त्यावर हरणांचा, रोह्यांचा आणि डुकरांचा आपल्याइतकाच डोळा असतो. म्हणून जागल. मचाणावर गोधडी, खाली शेकोटी, कपाळाला बांधायचा विजेरीचा दिवा, आणि दर अर्ध्या तासाने उठून डबा वाजवायचा. मधला अर्धा तास वाचनाचा. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ मी असे अर्ध्या-अर्ध्या तासाने वाचले. १९६७ साली आलेले आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले हे पुस्तक आपण महाविद्यालयात असताना परीक्षेपुरते चाळले होते, त्या वाचनाची आज लाज वाटते. द्रौपदीवरचा लेख सगळेच वाखाणतात. मला मात्र मयसभेचा लेख सोडवेना. अग्नीला तृप्त करण्यासाठी खांडववन पेटते, कृष्ण आणि अर्जुन वनाभोवती रथ फिरवत राहतात, आणि जळत्या रानातून बाहेर पडू पाहणारा प्राणी पुन्हा आत लोटला जातो किंवा मारला जातो. बाईंनी त्यावर जे प्रश्न विचारले आहेत ते मानववंशशास्त्रज्ञाच्या थंडपणाने विचारले आहेत. डोळ्यांत पाणी आणण्याचा प्रयत्न कुठेही नाही, म्हणूनच ते बोचतात. हे वाचत असतानाच धुऱ्याकडून खसखस ऐकू आली. मी दिवा फिरवला तर पंधरा-वीस हरणांचे डोळे एकदम चमकले. त्या रात्री मी डबा वाजवला नाही असे लिहिले तर तुला ते आवडेल, पण ते खोटे होईल. मी वाजवला, जोरात वाजवला. हरभरा विकूनच पुढच्या हंगामाचे बियाणे घ्यायचे होते. मात्र डबा वाजवून मचाणावर परत आल्यावर ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे लागले.

त्याच दिवसांत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली. ज्या बाईच्या नवऱ्याने १८९५ साली धर्म बदलला आणि जिला पुढची कितीतरी वर्षे माहेर-सासर, सोवळे-ओवळे आणि लोकांची तोंडे यांच्यामध्ये तळमळत काढावी लागली, तिने ते सगळे इतक्या मिस्कीलपणे कसे सांगितले असेल? टिळकांच्या रागाचे आणि विसराळूपणाचे प्रसंग वाचून मी मचाणावर एकटाच मोठ्याने हसलो, तेव्हा शेजारच्या वावरातला जागल्या काय झाले म्हणून विचारायला आला. शेवटच्या रकान्यात मी ‘होय’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या. यंदा हा मान आणखी एकाच पुस्तकाला मिळाला.

मार्चमध्ये सदानंद देशमुखांचे ‘बारोमास’. येथे आपले मत जुळणार नाही. तू ते वाचून मला लिहिले होतेस की शेतकऱ्याचे इतके वास्तव चित्रण दुसरीकडे नाही. देशमुख बुलढाण्याकडचे, वावरात पाय बुडवून लिहिणारे, आणि शिकलासवरलेला एकनाथ नोकरीसाठी द्यायला पैसे नसल्याने शेतीत परत येतो तेव्हा त्याच्या घरातली कुरबुर, त्याच्या बायकोची, अलकाची घुसमट, कर्जाचे बोलणे यांतला एक शब्दही मला परका वाटला नाही. अडचण तीच झाली. तुला ज्याने गाव दाखवले, त्याने मला माझाच सातबारा वाचून दाखवला. दिवसभर तुरीच्या भावावर बोलून आल्यावर रात्री पुन्हा तेच दोनशे पाने ऐकण्याची ताकद माझ्यात नव्हती. पात्रे गाऱ्हाणी सांगू लागली की थांबत नाहीत, आणि काही ठिकाणी लेखकाने त्यांना थांबवायला हवे होते असे मला प्रामाणिकपणे वाटते. अकादमीने २००४ साली या कादंबरीचा गौरव केला तो योग्यच केला. पण शेवटच्या रकान्यात मी ‘पाऊस बरा झाला तर’ असे लिहून ठेवले आहे.

जूनमध्ये मारुती चितमपल्ली गेल्याची बातमी आली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. मी पेरणीच्या धावपळीत होतो, तरीही ‘चकवाचांदण’ काढले, आणि जून-जुलैची एकमेव नोंद ती. सोलापूरच्या माणसाने आपल्या विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवले आणि आपल्याच आदिवासी, ढिवर मंडळींकडून शब्द गोळा करून मराठीला परत दिले. बगळ्या-करकोच्यांच्या वसाहतीला ते सारंगागार म्हणत. आपल्या तळ्याकाठच्या बाभळीवर त्या वसाहती आपण लहानपणापासून पाहिल्या, त्यांना एक शब्द असू शकतो हे मात्र सुचले नाही. जाडजूड पुस्तक आहे, मध्ये काही पाने माहितीने जड झाली आहेत, ती मी चक्क उलटली. तुझ्या नियमात पाने उलटलेले पुस्तक मोजता येत नाही हे ठाऊक आहे. मी मोजले आहे.

आता ऑक्टोबर. सप्टेंबरअखेर अठरा झाली होती, सोयाबीनच्या सोंगणीत पाऊस शिरला होता, मन कशातच लागत नव्हते, आणि तेवढ्यात तुझे पत्र आले की तू एकेचाळीसवर आहेस. मी वाचनालयात गेलो. आपल्या वाचनालयाचे तुला ठाऊकच आहे: ‘ड’ वर्ग, दोन कपाटे, एक उंदीर कायमस्वरूपी. कपाटासमोर उभे राहून मी पुस्तकांच्या पाठी पाहिल्या आणि सर्वांत बारीक चार उपसली. वजन वाढावे म्हणून जिनिंगवर नेण्याआधी गाडीतल्या कापसावर रात्री पाणी शिंपडणाऱ्यांना आपण आजवर किती नावे ठेवली! मी तेच केले, फक्त काट्यावर माझी वही होती. चारांपैकी तिघांची नावे आज मला डायरी उघडल्याशिवाय आठवत नाहीत, आणि ती येथे लिहून त्या लेखकांचा अपमान करण्यात अर्थ नाही. दोष त्यांचा नव्हता.

चौथे पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’ निघाले. १९५५ सालचे. बारीक म्हणून उचलले आणि आठ दिवस त्यातच अडकलो. धनगरांच्या वाडीवर आलेला तो पोरगेला मास्तर, तो म्हातारा कारभारी, उभी राहिलेली तालीम, आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडी मेंढरे घेऊन निघून जाते. माडगूळकर कुठेही आवाज चढवत नाहीत. एखादे माणूस दोन वाक्यांत उभे करून बाजूला होतात. शेवटच्या पानांवर ओस पडलेली वाडी वाचताना आपल्या शाळेचा पट डोळ्यांसमोर आला. यंदा तो अकरा आहे. ‘बारोमास’ला जे जमले नाही ते या चिमुकल्या पुस्तकाने माझ्याबाबतीत साधले, कारण गाव माणदेशातले होते, माझे नव्हते, आणि म्हणून मला त्याच्याकडे पाहता आले. दोन रेघांचा दुसरा मान याचा.

‘कोसला’विषयी आपला वीस वर्षांचा वाद येथे पुन्हा उकरत नाही. फक्त इतकेच कळवतो की यंदा दुसऱ्यांदा वाचली, वसतिगृहाचा भाग मला अजूनही लांबलेला वाटतो, आणि नायकाच्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पाने मी याही वेळी एका बैठकीत वाचू शकलो नाही. यातून तुला हवा तो अर्थ काढ.

नोव्हेंबरात उद्धव शेळक्यांची ‘धग’ घेतली, आणि या एका पुस्तकासाठी माझा सगळा हिशेब मोडला तरी हरकत नाही असे मला वाटते. आपल्याच जिल्ह्याचा लेखक, १९६० सालची कादंबरी, आणि आपण दोघांनी ती पन्नाशी जवळ आल्यावर वाचावी! संध्याकाळी आई अंगणात कापसातली किडकी कवडी निवडत बसते. मी बाजूला बसून मनात वाचत होतो, तर ती म्हणाली, “मनातल्या मनात काय वाचतं रे? मले बी आयकू दे.” म्हणून मोठ्याने वाचू लागलो. आई शाळेत गेलेली नाही. माझी प्रमाण मराठी ती देवळातल्या पोथीसारखी अर्धी ऐकून सोडून देते. पण कादंबरीतली कौतिक बोलू लागली आणि आईचे हात थांबले. शेळक्यांनी निवेदन पुस्तकी मराठीत आणि बोलणे वऱ्हाडीत ठेवले आहे, त्यामुळे तुमच्याकडच्या वाचकाला जेथे अडखळायला होत असेल, नेमके तेथेच आमच्या अंगणात पुस्तक सोपे होत होते. कौतिकच्या नवऱ्याच्या, महादेवाच्या निष्क्रियतेवर आई इतकी संतापे की मध्येच मला थांबवून त्याला दोन शिव्या देऊन घेई. “हे कौतिक माही मावशीच आहे,” असे तिने दुसऱ्या दिवशी ठरवून टाकले, आणि नंतरचे पंधरा दिवस त्या मावशीच्या हकिकती आणि कादंबरी अशी दोन्ही एकत्र चालली.

समीक्षक कौतिकला मराठीतली मोठी नायिका म्हणतात. ती मोठी का आहे हे मला आईच्या चेहऱ्याकडे पाहून कळले: ती रडत बसत नाही, दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचे पाहते, आणि वाचकाला कळून चुकते की हिचे काही जमणार नाही, तरी तिला ते कळत नाही. शेवट जवळ आला तशी आई अस्वस्थ होऊ लागली. एका संध्याकाळी तिने पुस्तकावर हात ठेवला आणि म्हणाली, “आज नोको वाचू पुढचं. आजच्या रात जगू दे तिले.” मी दिवा मालवला. पुढे तीन दिवस तिने तो विषय काढला नाही, आणि चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली की वाच आता, होऊन जाऊ दे.

नोंद केली तेव्हा तिने वही मागवली आणि आपलेही नाव लिहायला लावले. त्यामुळे तेविसाव्या ओळीत दोन वाचक आहेत, आणि आता तूच निवाडा दे की हे एक धरायचे की दोन.

राहिले अर्धे. ते ‘लीळाचरित्र’. तू पाठवलेली प्रत. रिद्धपूर आपल्या जिल्ह्यात, मराठीचा आद्य गद्यग्रंथ तेथे आकाराला आला, आता तेथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले, आणि मी आजवर त्या बाजूने केवळ संत्र्यांच्या व्यवहारासाठी गेलेलो. भाषा पहिले आठ दिवस दगडासारखी वाटली. नंतर दिवसाला चार-पाच लीळा सहज होऊ लागल्या. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना गाठून-गाठून आठवणी विचारल्या आणि लिहून काढल्या. स्वामी कोठे बसले होते, कोण काय खात होते, कोणी काय विचारले, इतके बारीक. दोघांची आठवण जुळली नाही तर दोन्ही तऱ्हा नोंदवलेल्या. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाने पाळलेली ही शिस्त पाहून माझी डायरी मिटून ठेवावीशी वाटली. एकांक आणि पूर्वार्ध झाला आहे, उत्तरार्धात अजून शिरलेलो नाही. तीन दिवसांत उरकता येईल, पण ऑक्टोबरचा अनुभव ताजा आहे.

पुढच्या वर्षासाठी मी आकडा सांगणार नाही असे तुला वाटत असेल. सांगतो: पंचवीस. आकडा नसता तर जूनमध्ये पुस्तक उघडलेच नसते हेही खरे आहे. फक्त वाचनालयात पाठी पाहून पुस्तक उचलणार नाही, आणि ‘कोणाकडून आणले’ या रकान्याशेजारी ‘कोणाला वाचून दाखवले’ असा एक रकाना वाढवला आहे.

‘लीळाचरित्र’ संक्रांतीपर्यंत माझ्याकडे राहू दे, मग एसटीच्या पार्सलने पाठवतो. एक काम तुझ्याकडे आहे. आईने विचारले आहे की कौतिकसारखीच एखादी बाई असलेले, पण ती शेवटी जगते असे पुस्तक कोणाकडे आहे काय. मी लक्ष्मीबाईंचे नाव काढले आहे. माझी प्रत वाचनालयाची होती, ती परत गेली आणि तेव्हापासून कपाटाची किल्ली सापडत नाही. तुझी प्रत जमेल तितक्या लवकर पाठव. कापूस अजून दोन वेचण्यांचा आहे आणि कवडी निवडायला बरीच पडली आहे.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र