दोन जामीन

बंड्या,

एप्रिलपासून तुझे तीन मेसेज वाचून तसेच ठेवलेत. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू.

रमा सप्टेंबरात कॉलेजला चालली. इथलीच, न्यू जर्सीची सरकारी युनिव्हर्सिटी, तरी स्कॉलरशिप आणि साठवलेले धरून ९,२०० डॉलर कमीच पडतायत, कारण साठवलेल्यातले किती मिरजेच्या हॉस्पिटलात गेले ते तुला माहितीच आहे, आईपाशी रात्रभर तूच बसला होतास.

फॅफ्सा म्हणून सरकारी शिक्षण-मदतीचा फॉर्म असतो, तो भरला. आता गंमत ऐक. रमा इथे जन्मली म्हणून सिटिझन, तिला सरकार कर्ज देतं. आईबापांसाठी वेगळं पेरेंट प्लस लोन असतं, पण ते सिटिझन नाहीतर ग्रीन कार्डवाल्यालाच. मी कितीतरी वर्षं ग्रीन कार्डाच्या लाईनीत, एचवनबीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. म्हणजे माझा टॅक्स चालतो, सही चालत नाही. अठरा वर्षांची पोर कर्जदार आणि बाप बघ्या.

तिला पहिल्या वर्षी ५,५०० मिळणार. आमचा पगार कागदावर बरा दिसतो म्हणून सगळं अनसबसिडाइज्ड, म्हणजे पैसे पडले त्या दिवसापासून ६.३९ टक्के (२०२५-२६ चा दर) व्याज सुरू, हप्ते मात्र कॉलेज संपून सहा महिन्यांनी. वर फीचे ५८ डॉलर आधीच कापतात, आपल्या पतसंस्थेत शेअर्सचे कापायचे ना, तसे. बापाला प्लस मिळत नसेल तर पोरीला आणखी ४,००० देता येतात, पण ते कॉलेजच्या एड ऑफिसच्या, म्हणजे आर्थिक मदत बघणाऱ्या ऑफिसच्या हातात. मेल टाकून अकरा दिवस झाले, "तुमचा मेल मिळाला" एवढंच आलंय. रोज रात्री उठून इनबॉक्स बघतो, बायको म्हणते लफडं आहे का कुठे. या वयात कोण मिळणारे मला.

पण लिहायला बसलो ते यासाठी नाही. परवा रात्री रमा प्रॉमिसरी नोट, म्हणजे कर्जफेडीचा करार, भरत होती, एका हातात चिवड्याची वाटी, दुसऱ्या हाताने क्लिक क्लिक. मधेच म्हणाली, बाबा दोन रेफरन्स हवेत, वेगवेगळ्या पत्त्यांवरचे. माझ्या डोक्यात एकदम आलं, दोन जामीन. विचारलं, त्यांना पैसे भरावे लागतात का? ती हसली, नाही हो बाबा, मी सापडले नाही तर फोन करायला. आणि पहिलं नाव माझंच टाकलं.

९६ साली तुझ्या डिप्लोमाच्या कर्जाला दुसरा जामीन हवा होता, तू म्हणालास, तुझ्या वडिलांना, आण्णांना विचार. मी दोन दिवसांनी येऊन सांगितलं, आण्णा नको म्हणतात. बंड्या, मी आण्णांना विचारलंच नव्हतं. तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते, एवढंच. तू वर्षभर डेअरीत कॅन उचललेस, आण्णांशी परत धड बोलला नाहीस, आणि म्हातारा मला विचारायचा, बंड्या हल्ली येत का नाही रे. आता दे शिव्या. आईवरून नको फक्त, ती तुझ्या घरचं लोणचं खाते.

दुसऱ्या रेफरन्सला शेजारच्या काकू घातल्या. अमेरिकेतलाच पत्ता लागतो, नाहीतर तुझंच नाव सांगणार होतो, आणि तू म्हणाला असतास, बापाला विचारून सांगतो.

सोन्याचं ॲडमिशन कुठे झालं? वहिनींची बदली टळली का? फोन नको करूस लगेच, आधी लिही.

पक्या