जगमध्ये ओतू नकोस!

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. रविवारी सहा जणांना ब्रंचला बोलावून बसलायस आणि 'ते वाइन आणि संत्र्याच्या रसाचं असतं ना, ते कसं करतात, दोन ओळींत कळव' म्हणतोस. घे दोन ओळी: गार फसफसती वाइन, गार रस, निम्मं-निम्मं. त्याला मिमोसा म्हणतात. संपलं. पण एवढ्याच भांडवलावर मी एकदा काय घोळ घातला होता, तेही वाच आता.

आमच्याकडे अशीच मंडळी जमणार होती. ऐनवेळी धांदल नको म्हणून मी तासभर आधीच एका मोठ्या जगमध्ये आख्खी बाटली रिकामी केली, वर रस ओतला आणि सरबत ढवळावं तसं लांब चमच्याने खसाखसा ढवळलं. फेस काठावरून टेबलावर, टेबलावरून माझ्या पायावर. पाहुण्यांच्या हातात ग्लास पडला तेव्हा औषधालासुद्धा बुडबुडा उरला नव्हता. कोमट, आंबूस पाणी नुसतं. एकाने फार अदबीने विचारलं, "काढा आहे का काही?"

अरे, त्या बाटलीचे पैसे आपण मोजतो ते आत कोंडलेल्या वायूसाठी. तो ग्लासापर्यंत शाबूत पोचवायचा, एवढंच आपलं काम. आणि त्यासाठी करायच्या गोष्टी थोड्या, न करायच्याच जास्त.

पहिली गोष्ट गारवा. द्रव गार असला की वायू त्यात मुकाट विरघळून राहतो, कोमट झाला की पळ काढतो. म्हणून बाटली आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये आडवी-उभी कशीही टाक. 6 ते 8 अंश सेल्सियस झाली की पुरे. विसरलास तर बादलीत बर्फ आणि पाणी घालून अर्धा तास बुडवून ठेव. नुसत्या बर्फाने वेळ लागतो; पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं. रसही तितकाच गार हवा. ग्लासात मात्र बर्फ नको, चव पाणचट होते.

बूच उडवायची हौस दाबून टाक. शॅम्पेनच्या बाटलीत वातावरणाच्या पाच-सहा पट दाब असतो, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त. तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून लांब. बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची. हळूच 'फुस्स' झालं की जिंकलास. 'फट्' झालं तर थोडी वाइन टेबलक्लॉथला पाजलीस.

वाइनवर फार खर्च करू नकोस. रस घातल्यावर उंची शॅम्पेनचे बारकावे कुणाला कळतात? मला तर नाही. इटलीची प्रोसेको किंवा स्पेनची कावा उत्तम. लेबलवर 'ब्रूट' बघून घे, म्हणजे लिटरमागे 12 ग्रॅमहून कमी साखर. वाइनच्या भाषेत 'ड्राय' म्हणजे गोड नसलेली, पण 'एक्स्ट्रा ड्राय' या नावाला भुलू नकोस. ती ब्रूटपेक्षा गोड असते. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण दरवेळी फसायला होतं. गोडवा रसाचा असतोच.

रस आयत्या वेळी काढ आणि गाळ. गराच्या तंतूंवर बुडबुडे भराभर फुटतात आणि ग्लास उतू जातो. पिळताना सालीवर फार जोर दिलास तर कडवट होईल.

आधी काय ओतायचं यावर दोन तट आहेत. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेची कृती 75 मिली रस आधी आणि 75 मिली वाइन वरून, अशी आहे. मी उलट करतो. तिरक्या ग्लासात वाइन, फेस बसू द्यायचा, मग रस. रस जड, त्यामुळे आपसूक खाली उतरतो आणि उतरताना मिसळतो. चमचा खणातच राहू दे.

वाइन दुप्पट केलीस तर तोच प्रकार बक्स फिझ होतो. लंडनच्या बक्स क्लबमध्ये 1921 साली तो निघाला. मिमोसाचं श्रेय पॅरिसच्या रिट्झ हॉटेलातल्या फ्रँक मायरला देतात, साल 1925. म्हणजे चार वर्षांनी कुणीतरी हात आखडता घेतला आणि नवं नाव मिळवलं! संत्र्याऐवजी पांढऱ्या पीचचा गर घातला की बेलिनी. ती व्हेनिसच्या हॅरीज बारमधल्या जुझेप्पे चिप्रियानीची. रंग पाहून त्याला जोव्हान्नी बेलिनी या चित्रकाराची आठवण झाली म्हणे.

हिशेब सांगतो. 750 मिलीच्या बाटलीत निम्म्या-निम्म्याचे दहा ग्लास होतात. सहा जणांना दोन बाटल्या पुरून उरतील. बारा टक्क्यांची वाइन अशी सहा टक्क्यांवर येते खरी, पण चव रसाची असल्याने माणूस रसासारखी पितो. गाडी चालवणाऱ्यांवर लक्ष ठेव. न पिणाऱ्यांना त्याच ग्लासात रस आणि गार सोडा दे. त्यांना साधा पेला दिलास की ते उगाच परके वाटतात.

कसं झालं ते कळव. माझा तो जग आता फुलं ठेवायला आहे. मिमोसा हे नावही एका पिवळ्या फुलाचंच, पण ती फुलं त्यात अजून पडलेली नाहीत.

तुझा,
काढेवाला

ता. क. : बाटली उरली तर तोंडात चमचा अडकवून वायू राखण्याचा उपाय कुणीतरी सांगेलच. त्याने काही होत नाही. दाब धरणारं घट्ट झाकण लाव, फ्रिजमध्ये ठेव आणि दुसऱ्या दिवशी मला बोलाव.