वाकड्या दांड्याचे धनुष्य आणि ‘ओढून पाहा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी घरच्या घरी धनुष्य करण्याची कृती आली होती. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी सुवर्णपदके मिळवल्यापासून आमच्याकडेही मुले बांबूच्या कांब्या घेऊन हिंडताना दिसतात, त्यामुळे विषय वेळेवर निवडला यात शंका नाही. मात्र ‘सरळ, निर्दोष काठी घ्या, दोरी बांधा आणि पूर्ण ओढून पाहा’ एवढ्यावर ती कृती आटोपली आहे. मी निवृत्तीपर्यंत सुतारकाम शिकवले आणि गेल्या अडीच वर्षांत धामण या झाडाच्या एका नाठाळ दांड्यातून एक धनुष्य पुरे केले. त्या अनुभवावरून सांगतो की या कृतीतील पहिली सूचना अनावश्यक आहे आणि शेवटची धोक्याची.

धामण आमच्या आजरा-चंदगड पट्ट्यात सर्वांच्या ओळखीची आहे. तिचे लाकूड चिवट आणि लवचिक असल्याने कुऱ्हाडीच्या दांड्याला तिलाच मागणी असते. संस्कृतात या झाडाला धन्वन किंवा धनुर्वृक्ष म्हणतात, म्हणजे तिचा हा गुण कोणी आज शोधलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये दिली असून लाकडी धनुष्याला ‘द्रूण’ म्हटले आहे. दोरीच्या द्रव्यांत तेथे वेणू, म्हणजे बांबूही आहे, आणि बांबूच्या सालपटाची दोरी भिल्लांच्या कामठीला, म्हणजे बांबूच्या धनुष्याला, आजही लावतात.

माझा दांडा जूनच्या वादळात उन्मळलेल्या बांधावरच्या झाडाचा. खोड पाचरी मारून उभे फोडले तेव्हा सहा फुटांची जी फाक निघाली, तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण वीस अंशांचा पीळ होता, मुठीच्या जागेपासून फूटभर वर अंगठ्याएवढी गाठ होती आणि खालच्या अर्ध्या भागात नागमोडी वळण होते. शेजाऱ्यांनी ती बंबात घालण्याचा सल्ला दिला. मी तिच्या दोन्ही टोकांना ऑइलपेंट फासला, जेणेकरून टोके लवकर वाळून चिरू नयेत, आणि ती माळ्यावर आडवी ठेवून दर महिन्याला वजन वहीत लिहीत गेलो. वजन घटायचे थांबायला चौदा महिने लागले.

धनुष्य ओढले की त्याची पाठ, म्हणजे नेम धरणाऱ्यापासून दूर असलेली बाजू, ताणली जाते आणि पोट दाबले जाते. पाठीवरचे धागे तुटले तर तेथूनच कपची उचलली जाते, म्हणून साल अलगद सोलून तिच्याखालचा पृष्ठभाग मी जसाच्या तसा पाठ म्हणून ठेवला आणि वाकस, रंधा, कानस जे काही चालवले ते पोटावर आणि कडांवर. कडा आखताना सूत मारले नाही; लाकडाचे धागे जिकडे वळतील तिकडे पेन्सिल नेली. चाळीस वर्षे सूत मारूनच काम केलेल्या हाताला हे फार जड गेले. वरून पाहिले तर धनुष्य सापासारखे दिसते, पण मुठीची जागा अशी धरली की दोरी दोन्ही टोकांमधून निघून बरोबर मुठीवरून जाते, आणि तेवढे जुळले की पुरते. गाठीपाशी दोन्ही कडांना थोडी जास्त रुंदी राखली आणि पाठीवरचा तिचा उंचवटा तसाच सोडला. पिळासाठी पोटाला खोबरेल चोळून निखाऱ्यावर शेकले आणि शिकंजात उलटा पीळ देऊन थंड होऊ दिले. दोन वेळा असे करून तो निम्मा उतरला. उरलेल्याने काही बिघडत नाही.

खरी परीक्षा यानंतर, म्हणजे दोन्ही भुजा (मुठीच्या वरचा आणि खालचा भाग) सारख्या वाकवण्यात आहे. लाकडाचा ताठरपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. दहा मिलिमीटरची जागा नऊ झाली की तेथला ताठरपणा सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. म्हणून शेवटी शेवटी रंधा बाजूला ठेवून काचेच्या तुकड्याने खरवडावे लागते. दर खरवडणीनंतर धनुष्य चाळीस-पन्नास वेळा हळूहळू ओढायचे आणि मगच पुन्हा पाहायचे, कारण नवा बाक लाकडात लगेच उतरत नाही.

सरळ दांड्यावर हे डोळ्यांनी जमते, वाकड्यावर डोळे फसवतात, आणि मी फसलोच. खालच्या भुजेत जेथे मूळचेच वळण होते तेथे धनुष्य जास्त वाकते आहे असे वाटून मी ती जागा जाड राखली. परिणामी तिच्या अलीकडच्या चार इंचांवर सगळा भार आला आणि तेथे दोरी उतरवल्यावरही न जाणारा बाक बसला. मग दोरी उतरवलेल्या धनुष्याची रेघ पडवीच्या भिंतीवर कोळशाने काढली, दोरी चढवून मूठ त्याच खुणेवर धरून दुसरी रेघ काढली आणि दोन रेघांमधले अंतर दर तीन इंचांवर मोजले. ते मुठीपासून टोकाकडे कसे वाढते यावरून कोणती जागा वाकते आणि कोणती आळस करते हे पहिल्यांदा नीट कळले. घरच्यांनी भिंत पुन्हा रंगवून घेतली, तो खर्च वेगळा.

आता ‘पूर्ण ओढून पाहा’ याविषयी. नवे धनुष्य एकदम पूर्ण ओढणे म्हणजे ते मोडण्याची सोय करणे, आणि मोडलेली भुजा चेहऱ्याकडे येते. मी मूठ खुंटीवर टेकवली, दोरीला कप्पीतून ताणकाटा (ओढीचा जोर किलोत दाखवणारा काटा) लावला आणि दुरून ओढत इंचाइंचाला आकडे लिहिले. ठरवलेल्या वजनापुढे, म्हणजे ओढायला लागणाऱ्या जोरापुढे, एकदाही ओढले नाही, आणि सूक्ष्म ‘टक’ आवाज आला तरी त्या दिवसाचे काम बंद केले. अखेर सोळा इंचांवर ८ किलो, वीसवर ११.५, चोविसावर १५ आणि अठ्ठाविसावर १८.५ किलो भरले. वाढ अखेरपर्यंत सारखी राहिली, शेवटच्या दोन-तीन इंचांत काटा उसळला नाही, याचा मला वजनापेक्षा अधिक आनंद झाला. बाण २६ ग्रॅमचा वापरतो. फार हलका बाण लावणे आणि बाणाशिवाय दोरी सोडणे यांत फरक थोडाच आहे, कारण बाणाने न नेलेली शक्ती लाकडातच परतते. तीनशे बाण सोडल्यावर वजन १७.५ झाले आणि तेथे थांबले. दोरी उतरवल्यावर सव्वा इंच बाक उरतो. जुलैच्या दमट हवेत हेच धनुष्य १६.५ किलो भरते आणि थंडीत पूर्ववत होते, म्हणून पावसाळ्यात ते मी ओढतच नाही.

आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी नावाच्या गोठलेल्या मानवी देहाजवळ यू या झाडाच्या लाकडाचे १.८२ मीटर लांबीचे अर्धवट तासलेले धनुष्य होते. त्याचेही काम तीन ओळींत उरकणारे नसावे.

माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत त्या कृतीला दुरुस्ती जोडावी: मुलांनी बांबूची, ओढायला पाच-सहा किलोंहून जड नसलेली कामठी मोठ्यांच्या देखत करावी, बाणाच्या टोकाला रबरी बूच लावावे, ओढ रोज थोडी वाढवावी आणि बाण लावल्याशिवाय दोरी कधीही सोडू नये. जागा कमी पडत असेल तर यातली शेवटची सूचना तेवढी तरी छापावी.

आपला,
एक निवृत्त सुतारकाम निदेशक, आजरा (जि. कोल्हापूर)