गॉल्गीची आकृती पुरेशी नाही

संपादक महोदय,

माझी मुलगी अकरावीत आहे. तिच्या वहीत गॉल्गी संकुलाची, म्हणजे पेशीत प्रथिनं पुढे पाठवणाऱ्या चपट्या पिशव्यांच्या चळतीची, सुबक आकृती आहे, नावेही बिनचूक. ‘या पिशव्यांत होतं काय?’ विचारलं, तर म्हणाली, ‘परीक्षेला एवढंच येतं.’ फार वाईट वाटलं.

पेशीत कुठे जायचं तो पत्ता अनेक प्रथिनं अंगावर घेऊनच तयार होतात, हे दाखवणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९चं नोबेल मिळालं. रँडी शेकमन यांनी या प्रथिनांचा पुढचा मार्ग शोधला तो यीस्टमध्ये. आपल्या मिसळीबरोबरचा ब्रेड फुगवणारं तेच यीस्ट! एखादं जनुक बिघडलं की माल पुढे सरकेना, पेशीत बारीक पिशव्यांची गर्दी साचे. त्यांना २०१३चं नोबेल रॉथमन आणि सुडॉफ यांच्यासह मिळालं.

आमच्या घरात आजी रोज इन्सुलिन टोचून घेते. इन्सुलिन हेही प्रथिनच. स्वादुपिंडाच्या पेशीत ते आधी आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पडद्यांच्या जाळ्यात, शिरतं, तिथे पत्त्याचा तुकडा कापला जातो, मग गॉल्गीतून ते कणिकांत, म्हणजे बारीक पिशव्यांत, साठतं आणि रक्तातली साखर वाढली की बाहेर पडतं. शिक्षकांनो, आकृतीचे गुण ठेवा, पण निदान हा एक प्रवास मुलांना वर्गात सांगा.

– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर